वरच्या मजल्याचा टॉवेल

गुरुग्रामला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जपानी कुटुंब आलं, त्याच दिवशी तिथली बाई कागदात गुंडाळलेला छोटा टॉवेल घेऊन दारात हजर! नव्या घरात गेलं की आजूबाजूच्या आणि वरखालच्या घरी अशी भेट द्यायची, ही त्यांची पद्धत. दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं आयुष्य गेलं, तिथे शेजारी यायचे ते साखर मागायला. मला ती तिथेच आवडली.

मग डबे सुरू झाले. रिकामं भांडं परत करू नये, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं, तिला तिच्या. गप्पा मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या हिंदीत. एकदा म्हणाली, "आशियातले लोक फार मोकळे असतात."

"मग तुम्ही कुठल्या?"

ती तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "हम तो... आयलंडवाले!"

मी तरी कोणत्या तोंडानं हसणार? इथले लोक मला साउथची म्हणतात, केरळची मैत्रीण नॉर्थची, आणि मी दोघांनाही ठणकावते, महाराष्ट्राची!

आमच्या वरच्या मजल्यावर कोरियन कुटुंब होतं. त्यांच्यासाठी आणलेला टॉवेल मात्र हिच्या कपाटातच. "आजोबांच्या काळात आमच्या लोकांनी त्यांना फार छळलं," ती म्हणाली. "दार लावून घेतलं तर?" दोघींच्या मुली खाली एकाच झोक्यावर, आणि ही लांबच्या बाकावर अंग चोरून बसलेली. मला फार वाईट वाटायचं.

"आम्ही दर वर्षी पानिपतला जातो, काला अंबच्या स्मारकापाशी डोळे पुसतो," मी सांगितलं, "आणि येताना तिथलंच लोणचं घेऊन येतो. जा वर!" टॉवेल कपाटातच राहिला.

शेवटी काम केलं माझ्या वेंधळेपणानं. वरच्या बाईंशीही माझी डब्यांची देवाणघेवाण होतीच, आणि दोघींचे डबे निळ्या झाकणाचे. मी खोबऱ्याच्या वड्या घालून वरच्या बाईंचा डबा समोर दिला. संध्याकाळी ही घाबरीघुबरी होऊन आली. "हा आमचा नाही. आणि वड्या तर खाल्ल्या!"

"द्या इकडे, मी पोचवते."

तिनं डबा घट्ट धरला. "नाही. खाल्लं मी, तर न्यायचाही मीच."

तिनं डब्यात भाताचे मुटके भरले, वर टॉवेल ठेवला आणि जिना चढली. मी खाली कठड्याला धरून उभी. दार उघडलं आणि ती आत गेली.

तासाभरानं ती उतरली, डोळे लाल, हातात तोच डबा, आता किमचीनं, त्यांच्या कोबीच्या लोणच्यानं, भरलेला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाकी शेजाऱ्यांना टॉवेल मिळाले, आम्हालाच नाही. त्यांना वाटलं, मीच त्यांना टाळतेय."