मधलं पान

हे घरात कुणाला माहीत नाही. माझ्या टेबलाशेजारी स्टँप विकायला बसणाऱ्या सलीमभाईंनाही नाही, आणि त्यांना माझ्या डब्यात काय भाजी आहे ते झाकण उघडायच्या आधी कळतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू.

अंबडला तहसीलच्या बाहेर, लिंबाखाली माझं टेबल आहे. काम एका ओळीचं: लोक इंग्रजी कागद आणतात, मी ते वाचतो आणि अर्ध्या पानात मराठी गोषवारा करून देतो. पण कागद कसले कसले म्हणून सांगू? कोर्टाचा निकाल. मातीची तपासणी. सौदीला निघालेल्या वेल्डरचा करार. विमा, पवनचक्कीवाल्यांचा भाडेपट्टा — परतूरची एक मुलगी तर मधमाश्यांच्या रोगावरचा प्रबंध घेऊन आली होती. कसाबसा बी.ए. झालेला माणूस मी, आणि सकाळी मधमाशीच्या आतड्यातला जंतू माझ्यापुढं, दुपारी समुद्रापलीकडचा कायदा. माणसानं काय काय शोधलंय, मोजलंय, लिहून ठेवलंय! मला ह्याचं पहिल्यापासून अप्रूप. नवा कागद हातात घेताना चप्पल काढून ठेवावी असं वाटायचं. हसू नका, खरंच वाटायचं.

सलीमभाई म्हणायचे, "मास्तर, देगभर बिर्याणी तुम्ही एका चमच्यात वाढता. अन् लोकांचं पोटबी भरून राह्यलं. कमाल है."

मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पण एवढे कागद पूर्ण कोण वाचणार? मी एक पद्धत बसवली होती. निकाल असला की शेवटचं पान. अहवाल असला की पहिलं पान आणि शेवटची ओळ. मधलं सगळं तपशिलाचं, त्यात काही नसतं — असं मी ठरवून टाकलं होतं. बहुतेक वेळा खपूनही जायचं. आणि 'हे मला कळलं नाही' असं त्या टेबलावर मी कधी म्हणालो नाही. लोक मंठ्याहून बस बदलून येतात, त्यांना असं कसं सांगायचं? की मलाच सांगायचं नव्हतं?

मुद्द्यावर येतो.

दत्ताराव आणि बबनराव हे जवळच्याच एका गावातले सख्खे भाऊ. मोसंबीची बाग एकत्र, विहीर एक. उन्हाळ्यात क्रेट भरता भरता दत्ताराव छातीला हात लावून झाडाखाली पडले. पडले ते पुन्हा बोललेच नाहीत. धाकट्या बबनरावांना वाटलं, ऊन लागलं. आपल्याकडं ऊन लागलं की काय करतात? तेच त्यांनी केलं. कांदा फोडला आणि भावाच्या तळपायाला चोळत बसले. डोक्यावर ओलं फडकं. बराच वेळ गेल्यावर जीप काढली. अंबडच्या डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

महिनाभरानं दत्तारावांची बायको, सुमनताई, शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "मास्तर, मला समदं नगं. एकच सांगा. मी म्हणून राह्यले व्हते, जीप काढा, जीप काढा. बबनभावजी म्हणले, ऊन लागलंय, उतरंल. त्या कांद्यापायी गेले का हे?"

मी पहिलं पान पाहिलं. नाव, वय, तारीख. मग शेवटची ओळ. दोन इंग्रजी शब्द. पहिला हृदयाबद्दलचा, दुसरा मी आयुष्यात कधी वाचला नव्हता. मधल्या पानावर डॉक्टरांचं बारीक, तिरपं अक्षर होतं. ते मी उलटलं.

आदल्याच दिवशी मी एका दवाखान्याचं माहितीपत्रक मराठीत केलं होतं — हृदयविकाराचा झटका आला तर पहिला तास मोलाचा, वेळेत नेलं तर माणूस वाचतो. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं. मी ते उचललं आणि ह्या कागदावर ठेवलं.

"हार्टचं होतं," मी म्हणालो. "पहिल्या तासात आणलं असतं तर वाचले असते."

आणि टाइपसुद्धा करून दिलं. 'वेळेत उपचार न मिळाल्यामुळे.' अहवालात असलं काहीही नव्हतं. सुमनताई रडल्या नाहीत. कागदाची घडी घातली, पदराआड धरला आणि बसस्टँडकडं गेल्या.

ते वाक्य गावात काय करत गेलं हे मला तुकड्यातुकड्यानं कळत राहिलं. बागेत तार ओढली गेली. विहिरीवर पाळ्या लागल्या. एका गल्लीत राहणारी दोन घरं एकमेकांकडं पाठ करून बसली.

काही वर्षांनी जालन्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या बाई आल्या. मुलींसाठी हृदयावरचा धडा त्यांना सोप्या मराठीत हवा होता. चित्रं होती, म्हणून मी मधलंही वाचलं. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते म्हणे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, कधी मुळाशीच फाटते. रक्त त्या पिशवीत भरतं, हृदयाला फुलायला जागा उरत नाही, आणि काही क्षणांत सगळं थांबतं. आणि ह्याला जे नाव दिलं होतं, ते म्हणजे दत्तारावांच्या अहवालाच्या शेवटच्या ओळीतला तो दुसरा शब्द.

आलेल्या प्रत्येक कागदाचा स्कॅन मी ठेवतो; दत्तारावांच्या अहवालाचाही कॉम्प्युटरमध्ये होता. मी मधलं पान उघडलं आणि डिक्शनरी घेऊन अक्षर न् अक्षर लावलं. सगळं तिथं होतं. फाटलेली जागा, पिशवीत साकळलेलं रक्त. कुणा डॉक्टरनं भर उन्हाळ्यात, त्या कोंदट खोलीत, मेलेल्या माणसाचं हृदय हातात घेऊन नीट पाहिलं होतं आणि कोण वाचेल ह्याचा विचार न करता खरं ते लिहून ठेवलं होतं. एवढ्याशा पिशवीत माणूस बुडू शकतो! आणि त्या सगळ्या थक्क होण्यात हेही कळलं — जीप दारात उभी असती तरी काही झालं नसतं. बबनराव ज्या पायाला कांदा चोळत होते, तो पाय गेलेल्या माणसाचा होता.

मग मी काय केलं? कॉलेजच्या बाईंचा गोषवारा वेळेत दिला. छान झालाय म्हणाल्या.

त्याच वर्षी दत्तारावांच्या मुलीचं लग्न निघालं. मला पत्रिका आली. सुमनताई स्वतः टेबलावर देऊन गेल्या. बाप नसलेल्या मुलीचं कन्यादान चुलत्यानं करायचं असतं. चुलता त्याच गल्लीत होता, त्याला पत्रिका नव्हती. मामानं केलं. मी पुढच्या खुर्चीवर बसून अक्षता टाकल्या. जेवलोसुद्धा.

आणि मग बबनराव आले. मातीच्या तपासणीचा कागद घेऊन. मी वाचत असताना ते अगदी शांतपणे म्हणाले, "भाऊचा कागद तुमीच वाचला व्हता ना, मास्तर?"

मी मान डोलावली.

"बरं केलं, खरं सांगितलं. दुसरा असता तं बाईमाणसापुढं झाकलं असतं." मग हसले. "कांदा म्या तवाच सोडला. बायको म्हणती, तुमचा चतुर्मास काही सरंना." पुढं म्हणाले, "पण कुणाला हात लावायचं भ्या वाटतं बघा. परवा रानात एक मजूरबाई चक्कर येऊन पडली. म्या लांब उभा राहून दुसऱ्याला हाका मारल्या."

हा माणूस माझे आभार मानत होता. एवढं ओझं वाहून, ज्यानं ते लादलं त्याच्याचकडं बघून हसत होता. हृदयाची पिशवी वाचताना झालो नव्हतो इतका मी त्या चेहऱ्यापुढं थक्क झालो. स्कॅन समोरच्याच मशीनमध्ये होता. एक वाक्य पुरलं असतं. त्याच्या भावाची सुटका कुणाच्या हातात नव्हती. त्याची माझ्या हातात होती.

मी म्हणालो, "जमिनीत चुनखडी जास्त आहे, बबनराव. जस्त कमी आहे." ते उठले, नमस्कार करून गेले.

तेव्हापासून मी प्रत्येक कागद पूर्ण वाचतो. ते काही ह्याच्या बदल्यात नाही, नुसतं सांगितलं. बबनराव बाजाराला येतात, लांबून हात करतात, मीही करतो.

दत्ताराव झाडाखाली पडले तेव्हाच गेले होते. बबनरावांनी कांदा फोडला तो त्यानंतर. अहवालात हे होतं. मी ते न वाचता वाचलं म्हणून सांगितलं, आणि कळल्यावर गप्प बसलो. बबनराव अजून कुणाला हात लावत नाहीत.