दोर कुणाच्या हाती

गोरेगावजवळ आमच्या विहिरीत पाण्याची मोटर पडली, म्हणून हिंगोलीहून पाणबुड्या बोलावला. पाठीवर हवेची टाकी, अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख. उतरण्याआधी तो डोळ्यांवर लावायच्या काचेवर आतून थुंकला अन् बोटानं चोळत बसला, वाफ धरू नये म्हणून. आम्ही सात जण फिदीफिदी हसलो. काठावर उभ्या माणसाला पाण्यातलं सगळंच कळतं ना! पलीकडं हौदावर एक म्हातारी शेरडांना पाणी पाजत होती, ती तेवढी गप्प.

दोर आमच्या हाती देऊन तो म्हणाला, "मोटर बांधतो. पण मी वर आल्याबिगर वढू नका."

थोड्या वेळानं दोर ताठ झाला अन् आम्ही ओढला. "वढा!" म्हणून आधी मीच ओरडलो. मोटर अर्ध्यात कपारीला आदळली, गाठ सुटली, मोटर परत तळाला. पाणी गढूळ झालं. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग तो वर आला. खांद्यावर पोशाख फाटला होता.

"मोटरीला पाय न्हाईत," तो म्हणाला. "पळून चालली नव्हती ती."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्यानं म्हातारीला हाक मारली अन् दोर तिच्या हाती दिला.

"तिला काहून?" मी विचारलं.

"उतरायच्या आधी बघून राहिलो व्हतो. शेवटचं करडू पाणी पिल्याबिगर मावशी हलली न्हाई."

या खेपेला आधी तो वर आला, मग मोटर. ओढली आम्हीच, पण म्हातारीनं 'व्हय' म्हटल्यावर.