गौरीसाठी फोडलेलं कुलूप

"कॉलरा आहे," डॉक्टर म्हणाले. "पाणी कुठलं प्यायली?"

"प्यायली नाही. चूळ धरली होती," मी सांगितलं.

माझी सून सुषमा खाटेवर पडली होती. डोळे खोल गेलेले, बोटं सुरकुतलेली. सिव्हिअर डीहायड्रेशन, म्हणजे अंगातलं पाणी संपत आलेलं. दोन्ही हातांना सलाईन. खाटेला भोक, त्याखाली बादली. ती मी ओतत होते.

हे माझ्यामुळे झालं.

भाईंदर पूर्वेची आमची चाळ सगळी रत्नागिरीकडची. साथ आली तशी नगरपालिकेने चाळीच्या विहिरीवर झाकण टाकून कुलूप घातलं. टँकरवर रोज मारामारी. एकीने दुसरीच्या डोक्यात हंडा घातला. आठ दिवस नवीन पेशंट नाही, त्यात गौरी आल्या. आमच्यात विहिरीवरून सात खडे उचलतात, तिथल्याच पाण्याची चूळ तोंडात धरतात आणि घरी येईपर्यंत बोलत नाहीत. मी वरवंटा घेऊन निघाले.

आरोग्य खात्याचा माणूस आडवा आला. "आजी, पाण्याचा रिपोर्ट यायचाय. दोन दिवस थांबा."

"गौर थांबते काय तुझ्या रिपोर्टला?"

मी त्याला ढकललं. त्याचं कपाळ कठड्यावर फुटलं. मी कुलूप फोडलं. सुषमासकट पाच बायकांनी चूळ भरली. तिघी आजारी पडल्या. त्यातली शेजारची वनिता हॉस्पिटलच्या पायरीवरच गेली.

तिसऱ्या दिवशी सुषमाला लघवी झाली. "किडनी वाचली," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, विहीर उघडायची कधी?

"पेशंट थांबले म्हणजे जंतू गेले असं नाही. वॉटर कल्चर करतात, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून बघतात. लागोपाठ दोनदा पाणी स्वच्छ आलं पाहिजे."

विहिरीला पुन्हा कुलूप लागलं. पहिला रिपोर्ट चांगला आला, तर समोरच्या खोलीतला बाबल्या चौघांना घेऊन पहारीसकट हजर. मी वरवंटा घेऊन झाकणावर जाऊन बसले.

"ऊठ म्हातारे! पहिलं कुलूप तूच फोडलंस ना? आता कसली पहारेकरीण?"

"मीच फोडलं. म्हणूनच बसलेय. मार."

त्याने मारली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला. मी दुसऱ्या हाताने त्याच्या गुडघ्यावर वरवंटा घातला. तो कोसळला, बाकीचे पांगले.

सहा दिवसांनी दुसरा कागद आला. तोच माणूस, कपाळावर टाक्यांची खूण.

"आजी, काढू कुलूप?"

"कागद दाखव."

मी चौथी शिकलेली. दोनदा वाचला. मग म्हटलं, काढ.

तुमच्याकडे साथ आली तर सण बघू नका, शेजारी काय म्हणतात ते ऐकू नका. कागद मागा. समजला नाही तर वाचून घ्या.

माझं मनगट वाकडंच जुळलं. भरलेला हंडा उचलवत नाही. सुषमा उचलते. आधी वनिताच्या घरचा भरते, मग आमचा.