फाट्यावरचे कंपाउंडरकाका

कंपाउंडरकाका पंगतीत वाढायला उभे राहिले की आधी शेवटच्या पानाकडे चालू लागत. यजमान आणि त्यांचे व्याही पहिल्या पानांवर ताटकळत असायचे आणि हे श्रीखंडाचं पातेलं घेऊन दाराशी बसलेल्या कुणा लांबच्या पाहुण्याला आग्रह करत असायचे. लहानपणी गावच्या जेवणावळीत त्यांचं पान नेहमी टोकाला असे आणि तिथवर येईतो गोडाचं पातेलं खरवडलेलं असे. "मी मोठा होईपर्यंत श्रीखंड म्हणजे वास घ्यायचा पदार्थ समजत होतो," असं ते म्हणत. आम्ही हसायचो. ते मात्र हसत नसत.

पनवेलच्या बाजारपेठेत एका डॉक्टरांकडे त्यांनी उभा जन्म औषधं दिली. आम्ही नव्या पनवेलला नुकतेच राहायला आलो होतो, मी टेलिफोन खात्यात होते आणि खोकला झाला म्हणून त्यांची ओळख झाली. माणूस काटकुळा, तोंडानं फटकळ, कामाला वाघ. गाढी नदीला मोठा पूर आला आणि वरच्या अंगाची गावं तुटली, तेव्हा त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना कपडे गोळा करायला पिटाळलं. लोकांनीही काय काय दिलं! एकीनं जरतारी शालू दिला, एकानं टायसकट सूट. काकांनी सूट ज्याचा त्याला परत पाठवला. "पाणी ओसरल्यावर त्यांच्याकडे लग्न निघालं तर मागू," म्हणाले.

पहिली खेप पार फसली. नेऱ्याच्या पुढे रस्त्याला फाटा फुटतो, तिथलं गाव आधी लागलं. लोक दिसले म्हणून आम्ही टेम्पोची दोरी सोडली आणि बघता बघता टेम्पो रिकामा झाला. नदीकाठानं वर डोंगराखाली कातकऱ्यांची वाडी होती. तिथवर पोहोचलो तेव्हा आमच्याकडे फक्त रिकामी पोती उरली होती. वाडीतल्या बायांनी तीच मागून घेतली आणि पोरांच्या डोक्यावर खोळीसारखी घातली. परतीच्या वाटेवर काका सुटलेली दोरी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "उद्यापासून दोरी वाडीत सुटेल. आधी टोक, मग उलटं येत येत फाटा."

दुसऱ्या दिवशी फाट्यावरचे लोक टेम्पोला आडवे झाले. त्यांचीही भाताची कणगी भिजली होती, भिंती बसल्या होत्या. हिराबाई नावाची एक बाई टेम्पोच्या फळीला धरून उभी राहिली. "आमी मानसं नाय काय? सासू तापानं कुडकुडते हाय. घरान सुकी चिंधी नाय. एक कांबलं टाका, मंग जा."

काका खाली उतरले. दोरी सोडली तर काल झालं तेच आज होणार, हे त्यांना दिसत होतं. "परत येताना तुमचं कांबळं नक्की," ते म्हणाले. "माझा शब्द." पुढच्या वळणावर गेल्यावर त्यांनी ढिगातून एक जाड कांबळं उपसलं आणि इस्माईलभाईंच्या, म्हणजे आमच्या ड्रायव्हरच्या, सीटमागे खोचलं.

वाडीत आमचा अंदाज चुकला. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसंही तिथे येऊन राहिली होती. सगळं वाटून झालं आणि मग कुणीतरी आम्हाला प्लास्टिकखाली निजलेली एक बाळंतीण दाखवली. बाळ तिच्या ओल्या लुगड्यात होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते टेम्पोकडे गेले आणि सीटमागचं कांबळं घेऊन आले.

परतताना इस्माईलभाई म्हणाले, "काका, फाट्यावर थांबू नका. रिकामी गाडी बघून लोक भडकतील. अल्लाला ठाऊक आहे आपण काय केलं ते." काकांनी टेम्पो थांबवायला लावला. हिराबाईसमोर जाऊन त्यांनी खरं ते सांगितलं आणि उद्या सकाळी घरचं कांबळं आणतो म्हणाले. ती घरात निघून गेली.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ते स्वतःचं पांघरूण सायकलला बांधून निघाले. मीही रजा टाकून मागोमाग गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा वाटला नव्हता. हिराबाईच्या अंगणात माणसं जमली होती. म्हातारी पहाटे गेली होती. काका कांबळं हातात घेऊन तसेच उभे राहिले. हिराबाईनं त्यावरून एकदा हात फिरवला. "वर न्या, काका," ती म्हणाली. "टोकाला कुनाला तरी लागंल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

मला वाटलं, आता हा माणूस घरी बसणार. पुढच्या खेपेला ते सगळ्यांच्या आधी टेम्पोत चढले होते. फाटा आला तसे खाली उतरले आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही वर जा. दोरी वाडीतच सोडा. मी इथं बसतो तुम्ही येईपर्यंत."

तेव्हापासून दर खेपेला ते फाट्यावरच्या देवळाच्या ओट्यावर बसत. भरलेला टेम्पो डोळ्यांदेखत पुढे गेला की लोक त्यांना नाही नाही ते बोलत. ते ऐकून घेत. एकदा मी चिडून विचारलं, "तुमचा नियम बरोबर आहे की चूक, ते तरी सांगा."

"बरोबर आहे. म्हणून तर जास्त लागतं," ते म्हणाले. "ज्यांना ओलांडून जातो, त्यांना रागवायला कुणीतरी समोर नको?"

पुढे पुढे हिराबाई त्यांच्याजवळ काळ्या चहाचा पेला आणून ठेवू लागली. बोलत नसे. पेला ठेवायची आणि जायची. काका तो गार होईपर्यंत हातात धरून बसत, असं इस्माईलभाई सांगायचे.

काका गेले त्या वर्षी पंगतीत वाढायला मला नको वाटायचं. पुढच्याच पावसाळ्यात नदी पुन्हा गावांत शिरली आणि आम्ही पुन्हा टेम्पो भरला. फाट्यावर इस्माईलभाईंनी न सांगता ब्रेक मारला. मी उतरले. टेम्पो चिखल उडवत वर गेला आणि एक म्हातारा माझ्याकडे बघून पचकन थुंकला. मी ओट्यावर जाऊन बसले.

हिराबाई दारातून बघत होती. बऱ्याच वेळानं ती आली, तिनं पेला माझ्या शेजारी ठेवला आणि या वेळी गेली नाही.

"आता तुमी काय?" ती म्हणाली. "बसा."