फुग्याचे दोन ग्रॅम

काटेकाकांनी एकतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासले. खोट दिसली की सील ठोकायचं, हा त्यांचा स्वभावच होऊन बसला, आणि नावही त्यावरूनच पडलं. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात एक बायकोच उरली, आणि ती काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. त्यामुळे सुट्टीत दोन नाती राहायला आल्या, नऊ वर्षांची मोठी आणि सहाची धाकटी, तेव्हा काकांनी प्रयोगांसाठी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

पहिला प्रयोग अगदी साधा. बाटलीत पेलाभर व्हिनेगर, फुग्यात दोन चमचे खायचा सोडा, आणि फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवलेला. सगळा सरंजाम काट्यावर ठेवला. दोनशे चाळीस ग्रॅम. मोठीने वहीत लिहिलं. धाकटीने फुगा उचलून सोडा खाली पाडला, बाटली फसफसली आणि फुगा टम्म फुगला. मुली टाळ्या पिटत असताना काकांची नजर काट्यावर गेली. दोनशे अडतीस.

"दोन ग्रॅम कुठे गेले?"

"येतील परत," आजी भाजी चिरता चिरता म्हणाली.

काकांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. त्यांनी फुग्याच्या तोंडाला दोरा गुंडाळला, वर मेण थापलं. कमीच. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. कमीच. चौदाव्या फुग्यानंतर 'प्रयोगाच्या वेळी आपण कोठे होता' असा लेखी खुलासा त्यांनी आजीकडे मागितला. आजीने त्या कागदावर लसूण सोलला.

शेवटी बाटली, फुगा आणि दोन नाती अशी वरात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली. त्या दुकानदाराच्या काट्याला काकांनी दोनदा सील ठोकलं होतं. त्यांना पाहून तो उभाच राहिला.

"साहेब, तुम्ही तर रिटायर झालात ना?"

"आज गिऱ्हाईक म्हणून आलोय. ही बाटली तोल."

त्याने तोलली. फुगा फुगल्यावर पुन्हा तोलली. दोन ग्रॅम कमी.

"मी काही केलं नाही," तो कानाला हात लावून म्हणाला.

धाकटी मात्र फुग्याकडे बघत होती. "आजोबा, तलावात तुम्ही मला एका हातावर उचलता ना? कारण पाणीपण उचलतं. मग फुग्याला हवा उचलत असेल."

काका साखरेच्या पोत्यावर मटकन बसले. पोरीचं खरं होतं. हवा सगळ्यांनाच खालून थोडा हात देते, ऐसपैस वस्तूला जरा जास्त. म्हणजे एकतीस वर्षं किलोभर खिळे आणि किलोभर कापूस एकाच काट्यावर तोलले गेले, कापूसवाला रोज चिमूटभर जास्त कापूस देत राहिला, आणि खाली सही आपली.

घरी येऊन त्यांनी जुन्या कार्यालयाला चार पानी कबुलीजबाब लिहिला. मोठीने शुद्धलेखन तपासलं, धाकटीने साक्षीदार म्हणून सही केली.

नाती परत गेल्यावर तीन आठवड्यांनी उत्तर आलं : 'हवा या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

"मग तुम्हीच घ्या तिला अखत्यारीत," आजी म्हणाली. "पण आधी ओटा पुसा. अजून मेण निघतंय."

काकांनी ओटा पुसला. मग धाकटीला फोन लावून पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं.

"म्हणजे आपलं बरोबर होतं?" तिने विचारलं.

"हो," काका म्हणाले. "आणि जबाबदार कुणीच नाही."