विषय : आपली गैरहजेरी

शेजारच्या चाचांइतकं बायकोवर सरकारी भाषेत प्रेम करणारा माणूस सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल. चाचा लोणंदच्या एका डेअरीत कारकून, चाची दहिवडीच्या शाळेत शिक्षिका, गाठ रविवारी. मधले सहा दिवस चाचा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्यांना मेल करत. 'विषय : आपला कालचा अबोला. संदर्भ : मेथीतील मीठ.' खाली 'आपला विश्वासू' आणि जावक क्रमांकही. हे सगळं खासगी आहे अशी त्यांची खात्री होती, कारण कॉम्प्युटरवरचा झालरीचा रुमाल चाचींनी विणलेला होता. पासवर्ड म्हणजे चाचींचं नाव. विसरू नये म्हणून तो स्क्रीनवरच चिकटवलेला.

एके दिवशी नव्या साहेबांनी एक मेल वाचला. त्यात होतं, 'साहेब श्रीखंडाची चव तपासत आहेत. चौथी वाटी झाली, निकाल प्रलंबित.' चाचांना नोटीस आली : ऑफिसच्या यंत्राचा खासगी वापर आणि वरिष्ठांची बदनामी. नोकरीवरच आलं. मी कायद्याच्या पहिल्या वर्षाला, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून चाचा माझ्याकडे आले. मी चाचरत सांगितलं, की नवरा-बायकोनं एकमेकांना सांगितलेलं कोर्टात त्यांच्याकडून वदवून घेता येत नाही. पण हे कोर्ट नाही, यंत्रही डेअरीचं, तेव्हा मला नक्की माहीत नाही. चाचांनी 'पण'च्या आधीचं तेवढं ऐकलं.

चौकशीला ते मलाही सोबत घेऊन गेले आणि ताठ उभे राहून म्हणाले, "आमचं कलम हाय." कोणतं, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अधिकारी श्रीखंडाची ओळ वाचणार, तोच रजा टाकून आलेल्या चाची उठल्या.

"आवं साहेब, तेवढंच कशापायी? वाचायचं तर पयल्यापासनं वाचा."

अधिकारी वाचू लागले. 'विषय : आपली गैरहजेरी. महोदया, आपण गेल्यापासून साखर टाकूनही चहा गोड लागत नाही, तरी मार्गदर्शन व्हावे.' शिपाई खिडकीबाहेर बघू लागला. साहेबांचे कान लाल झाले. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि फाईल मिटली. लेखी ताकिदीवर भागलं. नोकरी राहिली, मेल बंद झाले.

मोबाइलवर लिहा म्हटलं, तर चाचा म्हणतात त्यात समास सुटत नाही. म्हणून ते फोन करतात, आणि चाचींचा आवाज आला की लाजतात. जेवलात का, बरंय, ठेवतो, एवढ्यात आटोपतं.

परवा चाची मला म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकात नवरा-बायकोचं बोलणं झाकायचं कलम हाय न्हवं? मग बोलायला लावायचं बी आसंल की रं."

मी पुस्तक शेवटपर्यंत चाळलं. आता दुसऱ्या वर्षाची पुस्तकं चाळतोय.