माळावरची मोजणी

परतीच्या पावसाचे ढग जमले की आम्ही चौघं मित्र माळावर वीज बघायला जातो. वीज चमकली की मोठ्याने आकडे मोजायचे आणि तिसाच्या आत गडगडलं की गाडीत बसायचं, हा आमचा नियम. परवा संध्याकाळी मोजणी अठरावर आली, तरी मी कॅमेरा सोडला नाही. "आणखी एकच फोटो!" म्हणालो.

मागे वळलो तर शेळ्या घेऊन एक म्हातारी निवांत उभी.

"मावशी, घरी जा! वीज पडेल!"

ती हसली. "तुमी शिकलेली पोरं हितंच हुबी. म्हनलं, धोका असता तर ह्येच आधी पळाले असते. म्हनून थांबले."

गावोगावी पत्रकं वाटतो मी. 'वीज कडाडताना उघड्यावर थांबू नका', हे ठळक अक्षरांतलं वाक्य माझंच. लोकांना कुणी सावध करत नाही म्हणून सरकारी कचेरीत टेबलं बडवली आहेत. तिने माझं पत्रक वाचलं नव्हतं, मला बघितलं होतं.

"गाडीत बसा, मावशी."

"आन् शेरडं?"

ती शेळ्या हाकत वस्तीकडे निघाली. आम्ही काचा लावून गाडीत बसलो. मी उतरलो नाही, हेही लिहायलाच हवं. बारा, नऊ, सात. बाहेर अंधारून आलं होतं. ती वस्तीवर पोचेपर्यंत पुढची वीज मला नको होती, आणि वीज चमकल्याशिवाय ती दिसत नव्हती.